घडीच्या ई-सायकलीची परीक्षा तिच्या घडीपाशी

घडीची ई-सायकल घ्यावी की नाही असे विचारणारे बहुतेक जण पहिला प्रश्न मोटरच्या ताकदीचा विचारतात आणि दुसरा, एका चार्जमध्ये ती किती किलोमीटर जाते हा. मी अशी सायकल रोजच्या जाण्यायेण्यासाठी वापरते, ती घरात आणि कामाच्या जागी उचलून नेते, तिची देखभालही जमेल तितकी स्वतःच करते, आणि या वापरातून माझे मत असे बनले आहे की हे दोन्ही प्रश्न शेवटी विचारले तरी चालतात. आधी पाहायची ती घडी. साध्या ई-सायकलीत आणि घडीच्या ई-सायकलीत मोटर, बॅटरी आणि मोटरला किती वीज द्यायची हे ठरवणारा कंट्रोलर बहुधा एकाच जातीचे असतात. पण घडीची सायकल दिवसातून अनेकदा दुमडली जाते, उचलली जाते, कुठे ना कुठे टेकवली जाते आणि रात्री माणसे झोपतात त्याच छपराखाली चार्ज होते. सुरक्षितता, कायदेशीरपणा आणि टिकाऊपणा या तिन्ही बाबतींत तिचे जे वेगळे प्रश्न आहेत, ते जवळजवळ सगळे यातूनच निघतात.

साध्या सायकलीची फ्रेम नळ्यांच्या त्रिकोणांची बनलेली असते आणि त्रिकोणी रचनेत भार अनेक नळ्यांत वाटला जातो. घडीच्या बहुतेक सायकलींत वरची आडवी नळी नसते. पुढच्या आणि मागच्या भागाला जोडणारी एकच जाड नळी असते आणि तीही मध्ये कापून तिथे बिजागरी व खटका बसवलेला असतो. स्वार सीटवर बसला की ती नळी वाकू पाहते, चाक खड्ड्यात आदळले की अधिक वाकू पाहते, पुढचा ब्रेक जोरात दाबला की तिच्यावरच्या ताणाची तऱ्हा बदलते, आणि हे सगळे त्या एका जोडाला सोसावे लागते. ई-सायकलीत यात भर पडते, कारण मोटर आणि बॅटरीमुळे काही किलो वजन वाढते, स्वार सरासरीने अधिक वेगात असतो आणि मोटरची मदत असल्यामुळे एरवीपेक्षा जास्त अंतरही कापतो. साध्या घडीच्या सायकलीची फ्रेम आहे तशी घेऊन तिला मोटर जोडली, तर जोडाला बसणाऱ्या धक्क्यांची संख्या आणि प्रत्येक धक्क्याचा जोर दोन्ही वाढतात. म्हणून अशा सायकलीवर मोटरचे किट बसवून घेण्यापूर्वी फ्रेमच्या निर्मात्याने तशी परवानगी दिली आहे का, हे विचारलेच पाहिजे.

बऱ्याच फ्रेम अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या असतात. पोलादाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते सहसा तडकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नाही, आणि लहान ताणही पुरेशा वेळा देत राहिले तर तार पुढेमागे वाकवत राहिल्यावर तुटते तसे ते कधीतरी तुटते. त्यामुळे अशी फ्रेम बनवणाऱ्याला ताण मुळातच फार कमी राहील इतकी जाडी ठेवावी लागते, आणि वजन कमी दाखवण्याच्या नादात नेमकी हीच जाडी कापली जाण्याचा धोका असतो. तडा बहुधा वेल्डच्या कडेला, म्हणजे बिजागरी जिथे नळीला जोडलेली असते तिथे सुरू होतो, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने तिथला धातू मऊ पडलेला असतो आणि नळीचा आकारही तिथेच एकदम बदलतो. हा धोका केवळ कागदावरचा नाही. २०२२ मध्ये फिडो कंपनीच्या ‘एक्स’ या घडीच्या ई-सायकलीची फ्रेम तुटल्याचे उघड झाल्यावर कंपनीला तिची विक्री थांबवावी लागली, ग्राहकांना ती चालवू नका असे सांगावे लागले आणि विकलेल्या सायकली परत मागवाव्या लागल्या. दिसायला ती सायकल सुबक होती आणि वजनालाही हलकी होती, हे इथे मुद्दाम नोंदवते.

आयएसओ ४२१० या सायकलींच्या आंतरराष्ट्रीय मानकात पॅडलवर दाब देऊन फ्रेमला १ लाख वेळा ताण देण्याची चाचणी आहे, आणि घडीच्या यंत्रणेने चालवताना आपोआप सुटता कामा नये अशीही अट आहे. युरोपातील ईएन १५१९४ हे ई-सायकलींचे मानक यंत्रभागासाठी याच मानकाचा आधार घेते आणि त्यात विजेच्या भागांच्या अटींची भर घालते. विक्रेत्याला ‘प्रमाणपत्र आहे का’ एवढेच विचारून भागत नाही. ते कोणत्या मानकाचे आहे, कोणत्या प्रयोगशाळेने दिले आहे आणि त्यावर हेच मॉडेल लिहिले आहे का, हे तिन्ही विचारावे. नुसत्या बॅटरीचे किंवा नुसत्या चार्जरचे प्रमाणपत्र पुढे करून संपूर्ण सायकल प्रमाणित असल्याचा आव आणणारी जाहिरात मी अनेकदा पाहिली आहे.

तपासणी घरच्या घरी करता येते आणि तिला कोणतेही उपकरण लागत नाही. मी सायकल उघडते, खटका लावते, पुढचा ब्रेक घट्ट दाबून हँडल पुढेमागे ढकलते आणि दुसऱ्या हाताचे बोट बिजागरीच्या दोन पाटांमधल्या फटीवर आडवे ठेवते. जोड घट्ट असेल तर बोटाला काहीच जाणवत नाही. ढिला असेल तर केसभर हालचाल आणि एक बारीक ठोका जाणवतो, जो चालवताना रस्त्याच्या आवाजात ऐकू येत नाही. मग ओले पांढरे फडके जोडाभोवती आणि वेल्डवरून फिरवते. त्याला मातकट रंग लागला तर ती रस्त्याची धूळ. पण जोडाच्या कडेने काळी, चिकट पूड निघाली तर दोन पाट एकमेकांवर घासत आहेत असे समजावे. पुसून झाल्यावर रंगावर बारीक रेघ उरली आणि ती नखाला लागली, तर ती रंगापुरती आहे की धातूत गेली आहे याचा निर्णय घरी करू नये. जाणत्या कारागिराने ती पाहीपर्यंत सायकल उभी ठेवावी. खटका लावताना तळहातावर त्याची खूण उमटेल इतका जोर लागला पाहिजे. तो बोटाने सहज लागत असेल तर आतला नट थोडा आवळावा लागतो, आणि तो लागतच नसेल तर ठोकून बसवू नये, कारण अति आवळलेला खटकाही पिन आणि पाट दोन्ही खराब करतो. मुख्य खटक्याशिवाय एक दुसरी सुरक्षा-कळ असते, ती पहिला खटका सैल झाला तरी बिजागरी उघडू देत नाही. ही कळ तुटली असेल आणि सायकल ‘तशी चालते’ म्हणून चालवली जात असेल, तर ते मला मुळीच मान्य नाही.

हँडलचा उभा दांडा आणि सीटची दांडी यांच्याकडे याहून कमी लक्ष जाते. चाके लहान असल्यामुळे हे दोन्ही दांडे साध्या सायकलीच्या मानाने फार लांब असतात आणि त्यामुळे तरफेचा परिणाम मोठा होतो. हँडलवर थोडासा जोर दिला तरी तळाशी असलेल्या बिजागरीवर तो कित्येक पटींनी पडतो. मुख्य फ्रेमची बिजागरी चालताना सैल झाली तर सायकल डगमगते आणि स्वाराला काही क्षण तरी मिळतात. हँडलची बिजागरी सुटली तर सायकलीची दिशा आणि ब्रेकवरचा हात दोन्ही एकदम जातात. म्हणून निघण्यापूर्वी एकच गोष्ट तपासायला वेळ असेल तर हँडलचा खटका तपासावा. सीटच्या दांडीवर ‘किमान एवढी आत’ अशी रेघ कोरलेली असते. उंच माणसाने ती रेघ बाहेर काढून सायकल चालवू नये, आणि दांडी पुरत नसेल तर ते मॉडेल आपल्या उंचीचे नाही असे समजावे.

चाकांचा मुद्दा वेगाशी आणि वेगाचा कायद्याशी जोडलेला आहे. घडीच्या सायकलींची चाके बहुधा १६ किंवा २० इंचांची असतात. लहान चाक खड्ड्यात अधिक खोल उतरते, कडेवर अधिक तीव्र कोनात आदळते आणि फिरताना स्वतःला सरळ धरून ठेवण्याची त्याची क्षमताही कमी असते. त्यामुळे हँडल हलके आणि चंचल वाटते. दुसऱ्या बाजूने एक फायदाही आहे, ज्याचा उल्लेख जाहिरातीत क्वचितच असतो. चाकाच्या आसात बसलेल्या मोटरचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क), तोच असला तरी चाकाची त्रिज्या जितकी कमी तितका जमिनीवर मिळणारा रेटा जास्त. ३० न्यूटन-मीटरचा पीळ ३४ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकावर सुमारे ८८ न्यूटनचा रेटा देतो आणि २५ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकावर १२० न्यूटनचा. म्हणून २५० वॅटची साधी मोटरही घडीच्या सायकलीला चढावर पुरेशी ठरते, आणि मोठ्या मोटरची हाव धरण्याचे कारण मला दिसत नाही.

वेगाच्या बाबतीत गणित निर्दय आहे. थांबण्यासाठी जी ऊर्जा ब्रेकला जिरवावी लागते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी २५ किलोमीटरऐवजी ४० किलोमीटरने जाणाऱ्या सायकलीला थांबवायला अडीचपट ऊर्जा जिरवावी लागते, आणि ब्रेकचा जोर तोच असेल तर थांबायला अंतरही त्याच पटीत लागते. लहान चाक, लांब दांडा आणि मध्यावर बिजागरी असलेल्या सायकलीवर हा वेग मला धोक्याचा वाटतो. अनेक देशांतील कायद्यांनी २५ किलोमीटरच्या आसपास रेघ ओढली आहे, आणि घडीच्या सायकलीपुरते बोलायचे तर ती रेघ यंत्राच्या प्रकृतीला धरून आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते.

कायद्याचा सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखा आहे: मोटरची शक्ती, मदत बंद होण्याचा वेग, आणि पॅडल न मारता मोटर चालते की नाही. युरोपीय संघात सतत देता येणारी शक्ती २५० वॅटपर्यंत, पॅडल मारत असतानाच मदत आणि ताशी २५ किलोमीटरला ती बंद, अशी सायकल मोटर-वाहनांच्या मंजुरी-नियमांतून वगळली आहे. ब्रिटनमध्ये मर्यादा २५० वॅट आणि ताशी १५.५ मैल आहे, चालवणाऱ्याचे वय किमान १४ हवे, आणि एवढे पाळले तर परवाना, नोंदणी किंवा विमा लागत नाही. भारतातही २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेतल्या पॅडल-साहाय्य सायकलींना केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मोटर-वाहनाच्या व्याख्येबाहेर ठेवले आहे. अमेरिकेत संघीय व्याख्या अधिक सैल आहे: ७५० वॅटपेक्षा कमी शक्ती आणि केवळ मोटरवर ताशी २० मैलांपेक्षा कमी वेग, त्यावर अनेक राज्यांनी पहिला, दुसरा आणि तिसरा असे वर्ग पाडले आहेत. जपानने तर मदतीचे प्रमाणच ठरवून दिले आहे. ताशी १० किलोमीटरपर्यंत मोटर स्वाराच्या जोराच्या जास्तीत जास्त दुप्पट मदत करू शकते आणि तिथून ती कमी होत होत २४ किलोमीटरला शून्यावर आली पाहिजे. चीनच्या जीबी १७७६१ या सक्तीच्या मानकात वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर, तर मोटरची मर्यादा ४०० वॅट आहे.

यावरून दिसते की एका देशात पूर्णपणे कायदेशीर असलेली सायकल दुसऱ्या देशात विनानोंदणी मोपेड ठरू शकते, आणि घडीची सायकल सामानात बरोबर नेता येत असल्यामुळे हा प्रश्न तिच्या बाबतीत अधिक येतो. गोंधळ विशेषतः तीन ठिकाणी होतो. एक, ‘२५० वॅट’ हा आकडा सतत शक्तीचा असतो. मोटर काही क्षण याच्या दुप्पट शक्तीही देऊ शकते आणि ते नियमात बसते, पण म्हणून ५०० वॅटची मोटर घेऊन तिच्यावर २५० चे लेबल चिकटवणे बसत नाही. दोन, थ्रॉटल, म्हणजे अंगठ्याने किंवा मुठीने मोटरचा वेग वाढवणारी कळ. युरोपात पॅडल न मारता थ्रॉटलवर पळणारी सायकल या सवलतीत बसत नाही. सायकल हाताने ढकलताना मदत करणारी ताशी ६ किलोमीटरपर्यंतची सोय मात्र चालते. जपानमध्ये थ्रॉटलवर चालणारी पॅडलची गाडी ही मोपेडच, आणि नोव्हेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हेही स्पष्ट केले आहे की तिची मोटर बंद ठेवून नुसते पॅडल मारले तरी ती मोपेडच राहते. तीन, डिस्प्लेच्या किंवा अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये दडवलेला, वेगमर्यादा उठवणारा पर्याय. विक्रेता त्याला ‘खासगी जागेसाठी’ म्हणतो. ब्रिटनच्या परिवहन विभागाने मात्र सांगितले आहे की असा पर्याय असलेली सायकल या सवलतीच्या अटी पूर्ण करत नाही.

मर्यादा ओलांडणारी सायकल कायद्याच्या नजरेत मोटर-वाहन होते आणि मग परवाना, नोंदणी, हेल्मेट, विमा हे सगळे तिला लागू होते. दंड भरून सुटता येते असे ज्यांना वाटते त्यांनी अपघाताचा विचार करावा. धडकेत दुसऱ्या माणसाला इजा झाली आणि सायकल विनाविमा मोटर-वाहन ठरली, तर भरपाईची जबाबदारी चालवणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्यावर येते. घराच्या किंवा वैयक्तिक दायित्वाच्या पॉलिसीतही मोटर-वाहन वगळलेले असते. मला हा धोका वेगाच्या काही किलोमीटरांच्या बदल्यात कधीही घ्यावासा वाटणार नाही.

आता बॅटरी, जिच्याविषयी मला सर्वांत जास्त कळकळ वाटते. साधी ई-सायकल बाहेर, तळघरात किंवा वाहनतळावर ठेवता येते. घडीची सायकल घेण्याचे कारणच ती आत आणता यावी हे असते. ती पलंगाजवळ, टेबलाखाली, आणि सर्वांत जास्त वेळा दाराच्या मागे ठेवली जाते, कारण दुमडल्यावर ती नेमकी तिथे मावते. दाराच्या मागची ही जागा सर्वांत वाईट आहे. लिथियम-आयन सेलमध्ये आत शॉर्ट झाला की तो सेल स्वतःच तापत जातो, त्यातून ज्वालाग्राही आणि विषारी वायू फुटतात, शेजारच्या सेललाही ती उष्णता पोचते आणि काही क्षणांत संपूर्ण पॅक पेट घेतो. लहान अग्निशामकाने ही साखळी सहसा थांबत नाही, आणि विझल्यासारखी वाटलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. ही आग बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर लागली तर आतल्या माणसांना जायला रस्ता उरत नाही. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या आगीत १८ माणसे दगावली. त्याच वर्षी तिथे कायदा लागू झाला की विकल्या किंवा भाड्याने दिल्या जाणाऱ्या ई-सायकलींची विद्युत यंत्रणा यूएल या अमेरिकी सुरक्षा-संस्थेच्या यूएल २८४९ आणि बॅटरी यूएल २२७१ या मानकांना उतरलेली हवी. इथे सूक्ष्म पण मोलाचा फरक आहे: यूएल २२७१ फक्त बॅटरीची परीक्षा घेते, यूएल २८४९ बॅटरी, चार्जर, मोटर आणि वायरिंग यांची एकत्र घेते. चांगली बॅटरी आणि चांगला चार्जरही एकमेकांशी जुळत नसतील तर धोका होतो, म्हणून एकत्र परीक्षा अधिक भरवशाची.

चार्जरचा हिशेब समजून घेणे कठीण नाही. लिथियमचा नेहमीचा सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो. ‘३६ व्होल्ट’च्या पॅकमध्ये असे १० सेल एका ओळीत असतात, म्हणून त्याचा चार्जर ४२ व्होल्ट देतो, ‘४८ व्होल्ट’च्या पॅकमध्ये बहुधा १३ असतात आणि त्याचा चार्जर ५४.६ व्होल्ट देतो. दोन्ही चार्जरचे प्लग एकसारखे असू शकतात. ४८ चा चार्जर ३६ च्या पॅकला लावला तर मधे उभे राहते ते फक्त बॅटरीतले संरक्षक सर्किट, आणि स्वस्त पॅकमध्ये तेच सर्वांत निकृष्ट असते. म्हणून घरात दोन ई-वाहने असतील तर चार्जरवर रंगीत पट्टी चिकटवून ठेवावी. चार्ज करताना सायकल बाहेर पडण्याच्या वाटेपासून दूर, कठीण फरशीवर, पडदे आणि गाद्यांपासून लांब असावी. सगळे झोपलेले असताना चार्जिंग चालू ठेवू नये. गोठणबिंदूखालच्या थंडीत चार्ज करू नये, कारण तेव्हा सेलच्या आत धातुरूप लिथियमचा थर बसतो आणि पुढे शॉर्टचे कारण ठरतो. बॅटरीतून धूर किंवा फुत्कार येऊ लागला तर ती उचलून बाहेर नेण्याचे धाडस करू नये. माणसांना घेऊन बाहेर पडावे, मागे दार लावावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे.

घडीमुळे बॅटरीला बसणारा मार वेगळा असतो. काही सायकलींत बॅटरी मुख्य नळीच्या आत सरकवलेली असते आणि बिजागरी उघडल्यावरच बाहेर निघते. काहींत ती सीटच्या दांडीत असते, आणि दुमडलेली सायकल टेकते तीच त्या दांडीच्या टोकावर. उचलताना हात निसटला, जिन्याच्या पायरीवर टोक आपटले, गाडीच्या डिकीत ती आडवी पडली, तर धक्का थेट सेलपर्यंत पोचतो. बॅटरीचे आवरण चेपले असेल, ती फुगली असेल, चार्ज होताना एखादा कोपरा बाकीच्या भागापेक्षा गरम लागत असेल, किंवा चार्ज एकाएकी निम्म्यावर येत असेल, तर ती वापरातून काढावी. जुने सेल बदलून पॅक ‘नवा करून’ देणाऱ्यांकडे जाण्याचा मोह होतो, पण सेलची जुळणी आणि वेल्डिंग हे काम मूळ निर्मात्याच्या दर्जाने करणारे थोडे असतात आणि वरून पाहून फरक कळत नाही.

प्रवासाचे नियमही याच बॅटरीभोवती फिरतात. घडीची सायकल विमानात नेता येईल अशी समजूत फार पसरलेली आहे. विमान-प्रवाशांसाठीच्या नियमांत १०० वॅट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी मोकळेपणाने, १०० ते १६० पर्यंतची विमान कंपनीच्या संमतीने आणि त्यापुढची नाहीच, अशी विभागणी आहे. ३६ व्होल्ट आणि ७ अँपिअर-तासांची लहान बॅटरीही २५२ वॅट-तासांची होते, म्हणजे सायकल जाऊ शकते, बॅटरी नाही. लंडनमध्ये उलट घडीच्या सायकलीला सवलत मिळाली. तिथल्या परिवहन संस्थेने ३१ मार्च २०२५ पासून आपल्या बहुतेक गाड्यांत न दुमडणाऱ्या ई-सायकलींना बंदी केली, पण घडीच्या ई-सायकली दुमडून नेण्यास मुभा ठेवली, कारण सुटे किट बसवून बदललेल्या सायकलींपासून आगीचा धोका अधिक आणि घडीच्या सायकली सहसा तशा बदललेल्या नसतात. ही सवलत टिकावी असे वाटत असेल तर घडीच्या सायकलीवर अनोळखी बॅटऱ्या आणि किट बसवणे आपणच थांबवले पाहिजे.

टिकाऊपणाच्या बाबतीत मोटरला मी सर्वांत कमी दोष देईन; आसातली मोटर साधी असते आणि वर्षानुवर्षे चालते. बिघाड होतात ते वायरींत. डिस्प्ले, ब्रेकचे सेन्सर आणि मोटर यांच्या वायरी बिजागरीवरून किंवा तिच्या आतून जातात आणि प्रत्येक घडीला त्याच जागी वाकतात. आतले तांब्याचे तंतू एकेक करून तुटतात, बाहेरचे आवरण धड असते, आणि मग मदत मध्येच बंद पडते व हँडल वळवले की पुन्हा सुरू होते. माझ्या सायकलीत असेच झाले तेव्हा विक्रेत्याच्या कारागिराने कंट्रोलर बदलायचा सल्ला दिला. मी सायकल उभी ठेवून, मदत चालू करून, बिजागरीजवळची वायर दोन बोटांत धरून थोडी थोडी वाकवत गेले, आणि एका जागी डिस्प्ले विझला. दोष हाताच्या पेराएवढ्या लांबीत सापडला. मदत अशी अधूनमधून जात असेल तर कोणताही महागडा भाग बदलण्यापूर्वी ही तपासणी करून घ्यावी. खरेदी करतानाही सायकल काही वेळा दुमडून पाहावी आणि वायर जोडात चिमटते का, ताणली जाते का, तिला सैल वळसा दिलेला आहे का, हे डोळ्यांनी पाहावे.

मागच्या चाकात मोटर असेल तर आरे तुटण्याचे प्रमाण वाढते, कारण मोटरचा व्यास मोठा, चाक लहान, म्हणून आरे आखूड असतात आणि रिममध्ये तिरक्या कोनात शिरतात. टायरही लवकर झिजतात, कारण त्याच अंतराला लहान चाक जास्त फेरे घेते. मोटरच्या आसाचे नट आणि पीळ रोखणारी पट्टी अधूनमधून पान्याने तपासावी. पुढच्या चाकातल्या मोटरची पट्टी सैल पडली तर आस फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दुबेळक्याच्या, खाचेत फिरून चाक निसटू शकते. पाऊस फारसा बाधत नाही, पण दुमडल्यावर उघडे पडणारे बॅटरीचे संपर्क आणि वायरींचे जोड कोरडे पुसून ठेवावे लागतात, आणि दाबाच्या पाण्याने सायकल कधीच धुऊ नये.

शेवटचा प्रश्न सुट्या भागांचा. बिजागरीचा खटका, पिन, हँडलचा दांडा आणि नळीत बसणारी बॅटरी हे भाग त्या त्या मॉडेलचेच असतात. साध्या सायकलीचे टायर किंवा ब्रेक कुठेही मिळतात, हे मिळत नाहीत. कंपनीने मॉडेल बंद केले किंवा कंपनीच बंद पडली, तर एका खटक्यापायी अख्खी सायकल निकामी होते. युरोपीय संघाच्या २०२३/१५४२ या बॅटरी-नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून हलक्या वाहनांच्या बॅटऱ्या आणि त्यांतले सेल स्वतंत्र व्यावसायिकाला काढता व बदलता आले पाहिजेत. पण बिजागरीच्या भागांविषयी असा नियम माझ्या पाहण्यात नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेखी घ्यावे की खटका, पिन आणि बॅटरी किती वर्षे मिळतील, आणि जुनी सायकल घेत असाल तर सौदा ठरवण्याआधी तिचा मूळ चार्जर, किल्ली आणि खरेदीची पावती मागावी. या तीनपैकी मूळ चार्जर नसेल तर त्याच निर्मात्याचा नवा चार्जर मिळतो याची खात्री होईपर्यंत ती सायकल घेऊ नये.